अनूचं वजन किती उतरणार

८ नोव्हेंबर २०१४

मालगाडीचा गार्ड म्हणून तीस वर्षं झाली. गाडी कुठं थांबली, काहून थांबली, किती वेळ थांबली, सगळं लिहून द्यायची हाताला सवय. घरातलं मात्र कधी लिहिलं नाही. आजपासून लिहितो, कारण आमच्या अनूचं ऑपरेशन ठरलं आहे आणि या गाडीचा गार्ड मीच आहे.

अनुश्री ही माझी एकुलती एक पोरगी. वय पंचवीस. बॉटनीत एम.एस्सी., युनिव्हर्सिटीत दुसरी. वजन एकशे चोवीस किलो. हे लिहिताना पेन जरा अडलं, पण खरं ते खरं. लहानपणापासूनच अंगानं मोठी. पथ्य झालं, योगा झाला, नागपूरचे वैद्य झाले. दहा किलो उतरतात आणि बारा चढतात. आता साखर वाढली आहे, आणि झोपेत घोरता घोरता मध्येच तिचा श्वास अडकतो. ऑपरेशनचं तिनंच शोधून काढलं, इथं रायपुरातल्या डॉक्टरही तिनंच शोधल्या.

डॉक्टर राधिका वयानं लहान आहेत, पण बोलणं ठाम. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. पोटाचा वरचा अंड्याएवढा भाग तेवढा कामात ठेवायचा, बाकीचं बाजूला, आणि आतडं खालून आणून त्या अंड्याला जोडायचं. म्हणजे आमच्या भाषेत बायपास लाइन. मी सरळ विचारलं, “मॅडम, उतरेगा कितना?”

“काळमेघजी, जितना फालतू वजन है, उसका सत्तर परसेंट मानकर चलिए. साल-डेढ़ साल लगेगा. अस्सी-बयासी के आसपास आकर रुकेगी.”

“साठ नहीं होगा?”

“किसी-किसी का होता है. आप मत गिनिए.”

डॉक्टर लोक आकडा नेहमी कमीच सांगतात, म्हणजे मागाहून त्यांचंच नाव होतं. मी मनात बासष्ट धरून ठेवले.

दीड वर्ष मूलबाळ नको, असंही त्या म्हणाल्या. म्हणजे लग्न २०१६ च्या उन्हाळ्यात. तेही बसतं. निघताना अनूनं एक वेगळाच प्रश्न विचारला. “मैडम, चौदह किलोमीटर एक बार में चलना, ये कब तक हो पाएगा?” डॉक्टरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, “सालभर में. धीरे-धीरे बढ़ाना.” पोरीनं डोंगरगडच्या बमलेश्वरीला पायी जायचा नवस केलेला दिसतो. लग्नाचाच असणार. बरं वाटलं.

संध्याकाळी वर्ध्याला सरलाताईला, माझ्या थोरल्या बहिणीला, फोन केला. पित्ताशयात खडे आहेत, त्याचं ऑपरेशन आहे, असं सांगितलं. जाडी काढायचं ऑपरेशन म्हटलं तर सगळ्या नात्यात बभ्रा. रमा, माझी बायको, स्वयंपाक करत होती. माझं बोलणं झाल्यावर गॅस बंद करून ती आत निघून गेली. भाजी अर्धी टाकून ती कधी उठत नाही. दमली असेल.

२७ नोव्हेंबर

आज ऑपरेशन झालं. पंधरा दिवस नुसत्या पातळ आहारावर राहिली होती पोरगी, एकदाही कुरकुर नाही. आत नेताना मी तिचा हात धरला. ती म्हणाली, “बाबा, आपका हाथ ठंडा पड़ गया है. चाय पीके आओ.” आता सांगा, ऑपरेशन कोणाचं होतं?

चहा घेतला नाही. रमा डोळे मिटून बसली होती. तीन तासांनी डॉक्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, सगळं नीट झालं.

२८ नोव्हेंबर

संध्याकाळी नर्स तिला उठवायला आली, तर ही आधीच पाय खाली सोडून बसलेली. सलाइनची काठी एका हातात, दुसरा हात भिंतीला. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. कपाळावर घाम होता, पण थांबली नाही.

शेजारच्या खोलीत दयाराम नावाचा माणूस आहे. उरला गावच्या कारखान्यांत त्याचे लोखंड वाहणारे ट्रक चालतात. एकशे छप्पन किलो. कालच त्याचंही हेच ऑपरेशन झालं, आणि तो पलंगावरून उठायला तयार नाही. अनूला जाताना पाहून बायकोला म्हणाला, “देख, नोनी ह कतका बने रेंगत हे!” किती छान चालते पोरगी, म्हणाला. मी दारातून ओरडलो, “मेरी है, भैया!” नर्सनं मला गप्प बसवलं.

९ डिसेंबर

घरी येऊन आठवडा झाला. वरणाचं पाणी, ताक, प्रोटीनची पावडर. सगळं घोट-घोट. एक वाटी संपायला अर्धा तास. गटकन प्यायली की छातीत दुखतं. तिला भूकच लागत नाही म्हणते. आमच्या घरी भूक लागत नाही म्हणणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं.

रमा फोडणी देत नाही आता. वास सुटला तर अनूला बरं वाटणार नाही म्हणून. मलाही वरणाचंच पाणी मिळून राहिलं.

२७ डिसेंबर

एकशे बारा!

एका महिन्यात बारा किलो. डॉक्टरांचा हिशेब कुठल्या कुठं राहिला. हाच वेग धरला तर मे महिन्यात बासष्ट. भिलाईहून शिशिरचं स्थळ आलं होतं ना, पोरगा कारखान्यात इंजिनियर, त्याच्या आईनं “जरा बारीक झाली की बघू” म्हटलं होतं. त्यांना निरोप पाठवून ठेवला की पित्ताचं ऑपरेशन झाल्यापासून पोरगी उतरून राहिली आहे.

अनू म्हणाली, “बाबा, हर महीना बारह नहीं जाएगा. पहला महीना ऐसा ही होता है, पानी भी जाता है.” मी म्हटलं, बघू. तिला स्वतःवर विश्वास कमी आहे. मला आहे.

२४ जानेवारी २०१५

एकशे आठवर काटा चिकटला आहे. तीन आठवडे झाले. मी रोज सकाळी तिला मशीनवर उभं करतो. एकशे आठ. पुन्हा एकशे आठ. काल तर एकशे आठ आणि वर थोडं.

दयारामला फोन केला. त्याचे चोवीस गेले! मला झोप लागेना. तिला न सांगता एकटाच डॉक्टरांकडे गेलो. त्या हसल्या. “काळमेघजी, आपकी मालगाड़ी को हर सिग्नल हरा मिलता है क्या?”

“नहीं मिलता.”

“तो? रुकना भी इसी सफर का हिस्सा है. शरीर अपने को संभाल रहा है. दयाराम जी का वजन ज़्यादा था, उनका ज़्यादा जाएगा. और ये रोज़ तौलना बंद कीजिए. महीने में एक बार, बस.”

घरी येऊन पाहतो तर मशीनच नाही. रमा म्हणाली, बिघडलं म्हणून दुरुस्तीला दिलं. कोणत्या दुकानात, तर तिला आठवेना. बायको माझी हुशार आहे, पण वस्तूंच्या बाबतीत असं विसरते.

२१ मार्च, गुढीपाडवा

आजचं लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

दुपारी श्रीखंड होतं. अनू तिच्या मुगाच्या खिचडीची वाटी घेऊन बसली होती. मी म्हटलं, सणाचं एक चमचा तरी खा. रमा म्हणाली, “अहो, गोड नको म्हणून सांगितलं ना डॉक्टरनं.” मी म्हटलं, “एका चमच्यानं काय होते? शकुनाचं आहे.” अनूनं माझ्याकडे पाहिलं आणि खाल्लं. मग मीच दुसरा चमचा दिला.

पंधरा-वीस मिनिटांत पोरगी पांढरी पडली. छाती धडधडायला लागली, घाम, पोटात मुरडा. जमिनीवर आडवी झाली. मला वाटलं सगळं संपलं. रमानं डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, घाबरू नका, अशा पोटात साखर गेली की ती धाडकन आतड्यात उतरते म्हणून असं होतं. पडून राहू द्या.

तासाभरानं ती उठून बसली. मी पंख्यानं वारा घालत होतो. लाइट होती, वरचा पंखाही चालू होता, तरी घालत होतो. ती म्हणाली, “बस हो गया बाबा, अब छोड़ो.”

केसही गळून राहिले तिचे. कंगव्यात झुपके येतात. चौथ्या-पाचव्या महिन्यात असं होतंच, परत येतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणे. मला आठवत नाही. वजन सत्त्याण्णव. सत्तावीस किलो गेले, आणि आज मला त्याचा आनंद झाला नाही.

४ एप्रिल

अनू सलूनमध्ये जाऊन केस कापून आली. पार मानेपर्यंत. मी म्हणणार होतो, लग्नाच्या पोरीनं असं करू नये. पण तिची मान दिसली. लांब आहे तिची मान, माझ्या आईसारखी. पंचवीस वर्षांत मी ती पाहिलीच नव्हती.

म्हणालो, “बरं दिसून राहिलं.”

११ मे

अनू पहाटे पाचला घराबाहेर पडते. उन्हाळा आहे, त्यामुळे लवकर जात असेल. रमा म्हणते, पुरानी बस्तीत महामायेच्या देवळात जाते. पोरीची भक्ती पाहून समाधान वाटलं. चपलांच्या जागी खेळाचे बूट घालून जाते, आणि दोन महिन्यांत त्यांचे तळवे पार झिजून गेले आहेत. देऊळ आमच्या बूढापारा मोहल्ल्यापासून काही इतकं लांब नाही. पाय घासत चालायची सवय असेल.

रमाही साडेचारला उठते. अनूचा डबा भरून देते. देवळात डबा कशाला, विचारलं तर म्हणाली, “अनू थोडं-थोडं दिवसातून सहादा खाते, माहीत आहे ना?” ते खरं.

बाकी पोरगी अभ्यास करते. पी.एस.सी.ची कोणतीतरी परीक्षा. पहिली पायरी पास झाली म्हणे. लागली तर नव्या रायपूरला, त्या मोठ्या मंत्रालयात, ए.सी.च्या खोलीत बसेल. बसायचं काम तिला बरं पडेल.

६ जून

अनू बूढा तालाबच्या काठावर चक्कर येऊन पडली. सकाळी सातची वेळ. तिथल्या चहावाल्यानं आणि फिरायला आलेल्या दोन म्हाताऱ्यांनी तिला रिक्षात घालून आणलं. देवळात जाणारी पोरगी तळ्याकाठी काय करत होती, हे विचारायचं भानच राहिलं नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेआठ. त्या पहिल्यांदा रागावल्या. “अनुश्री, आयरन की गोली?”

अनू खाली बघत म्हणाली, “उससे जी मिचलाता है मैडम. बीच में छोड़ दी थी.”

“छोड़ नहीं सकती. तुम्हारा आतड़ा अब लोहा पूरा नहीं सोखता. गोलियाँ ज़िंदगी भर हैं, ये पहले दिन बोला था. और इस हालत में गर्मी में इतना चल रही हो?”

लोहाची बाटली नसेतून चढवली. मी बाजूला बसून म्हटलं, “काहून चालते एवढी? वजन तर उतरून राहिलं आपोआप.”

ती म्हणाली, “वजन के लिए नहीं चल रही बाबा.”

नवसाचं माणूस उघड बोलत नाही. मी पुढं विचारलं नाही. घरी येऊन रमाला म्हटलं, तिची गोळी मी स्वतः देणार, रोज, लिंबूपाण्यासोबत. दोन महिने तिनं गोळी सोडली आणि मला पत्ता नाही. काट्यावर लक्ष होतं माझं.

३० ऑगस्ट

मोठा दिवस. सगळं लिहून काढतो.

शिशिर आणि त्याचे आईवडील भिलाईहून आले होते. अनू आता अठ्ठ्याऐंशी. मी सकाळपासून खुशीत होतो. रमानं पोहे केले. शिशिर चांगला मुलगा वाटला, अनूला झाडांबद्दल काहीबाही विचारत होता. त्याच्या आईनं कप खाली ठेवला आणि अनूसमोरच मला विचारलं, “आता अजून किती उतरेल?”

मी म्हणालो, “साठ-बासष्टपर्यंत जाईलच. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.”

“नहीं जाएगा, काकू,” अनू म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. “अस्सी-बयासी पे रुकेगा. डॉक्टर ने पहले ही दिन बता दिया था, बाबा के सामने. और वो पित्ताशय का ऑपरेशन नहीं था. गैस्ट्रिक बाईपास था. पेट छोटा करवाया है मैंने, अपनी मर्ज़ी से.”

तीच पुढं म्हणाली, “और शादी अभी नहीं करनी. मैं फॉरेस्ट रेंजर की परीक्षा दे रही हूँ. लिखित हो गया. अब चलने का टेस्ट है, चार घंटे में चौदह किलोमीटर.”

शिशिर म्हणाला, “अरे वा!” आणि त्याच्या आईनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पोह्यांच्या बशीत मान घातली. पोहे अर्धे टाकून मंडळी गेली.

दार लागल्यावर मी बोललो. नको तेवढं बोललो. “मी तुझं भलं करून राहिलो आणि तू माझीच इज्जत काढते?” असंही बोललो. ती रडली नाही. म्हणाली, “बाबा, तुम्ही नऊ महिने माझं वजन विचारता. मी काय करून राहिले, हे एकदा तरी विचारलं?”

मी रमाकडे पाहिलं. ती म्हणाली, “मले माहीत होतं. पहिल्यापासून.”

“मग मले काहून नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तुम्ही भिलाईवाल्यांना विचारायला गेले असते, चालते का म्हणून.”

११ सप्टेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही. घरात बोलतही नव्हतो. रोज तिची गोळी आणि लिंबूपाणी टेबलावर ठेवत होतो, एवढंच.

ड्यूटीवर ब्रेकव्हॅनमध्ये बसलो की बोलायला कोणी नसतं. मागं सुटणारे रूळ बघत विचार होतो. जंगलखात्यातली नोकरी म्हणजे अचानकमारचं रान, बस्तर, रात्री-बेरात्री, हत्ती, लाकूडचोर. माझी पोरगी तिथं. भीती वाटते. मी पंचविशीत होतो तेव्हा माझी आई म्हणायची, गाडीच्या शेपटीला एकटा काय बसतो, दुकान टाक. मी ऐकलं होतं का?

आज सुट्टी होती. पाचला उठलो. अनू बूट बांधत होती. मी माझे कॅनव्हासचे बूट काढले. तिनं पाहिलं आणि माझ्यासाठी दार उघडं धरलं. आम्ही निघालो.

तळ्याभोवतीच्या दोन फेऱ्यांत माझा दम संपला. मी बाकावर बसलो आणि ती पुढं गेली. आणि मग मी पाहिलं. चहावाला तिला हात करतो. फिरायला येणारे म्हातारे बाजूला सरकून म्हणतात, “चलो रेंजर मैडम, आज कितना?” झाडूवाली बाई तिच्यासाठी रस्ता आधी झाडते. अख्ख्या तळ्याला माहीत होतं. बूढापाऱ्यात न माहीत असलेला मी एकटाच.

चहावाल्यानं विचारलं, “आप बाबूजी हैं उनके? जिस दिन गिरी थी ना, तीसरे ही दिन फिर आ गई थी. हम बोले घर जाओ. नहीं मानी, यहीं बेंच पे बैठ के किताब पढ़ी.”

घरी येताना मी तिला म्हटलं, “चढावर लहान पावलं टाकत जा. गाडीसुद्धा चढावर दम राखून चालते.”

ती म्हणाली, “हव.”

दुपारी सरलाताईला फोन लावला आणि ऑपरेशन खरं कशाचं होतं ते सांगितलं. रेंजरचंही सांगितलं. ताई म्हणाली, “अरे पांडू, पित्ताशय काढून कोणी तीस किलो उतरतं का? आम्ही सगळे तेव्हाच समजलो.”

२७ नोव्हेंबर

ऑपरेशनला वर्ष झालं. चौऱ्याऐंशी. साखर नॉर्मल, साखरेची गोळी बंद. झोपेतलं श्वास अडकणं गेलं. हिमोग्लोबिन बारा. हे शेवटचं माझ्या लिंबूपाण्याचं.

दवाखान्यात दयाराम भेटला. एकशे चारपर्यंत आला होता, आता एकशे बारा. गोड थंड पेयं आणि पातळ केलेलं आइस्क्रीम. “घोंट-घोंट म तो सब उतर जाथे, भैया,” म्हणाला, घोट-घोट सगळंच खाली उतरतं. आणि स्वतःच खिन्न हसला. डॉक्टरांनी त्याला पुन्हा पहिल्यापासून आहार लिहून दिला आणि पाठीवर हात ठेवला. पूर्वी मी त्याच्यावर जळत होतो. आज त्याच्यासोबत बराच वेळ बसलो.

डॉक्टर अनूला म्हणाल्या, “एकाध किलो और. फिर यही तुम्हारा वजन है. दो साल बाद दो-चार बढ़ भी सकता है, घबराना मत.”

अनूच्या दंडाची कातडी सैल होऊन लोंबते. ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालते. मी एकदा विचारलं, त्याचं काही करता येते का? ती म्हणाली, “येते. पण आत्ता नाही. आत्ता पाय पाहिजेत.”

७ फेब्रुवारी २०१६

आज चालण्याची परीक्षा होती, नव्या रायपूरच्या रस्त्यावर. अजून तिथं माणसं कमी आणि रस्तेच जास्त. सहा पदरी, सरळ, दोन्ही बाजूला लहान-लहान झाडं, सावली कुठंच नाही. सकाळी धुकं होतं. मुली छातीवर नंबर लावून उभ्या होत्या. बहुतेक सगळ्या सडसडीत, गावाकडच्या, डोक्यावर पाणी आणि जळण वाहून तयार झालेल्या. अनू त्यांच्यात वेगळीच दिसत होती. त्र्याऐंशी किलो. तिच्याहून भारी मला एकही दिसली नाही.

आम्हाला दोरीच्या अलीकडे उभं केलं. फेरी मोठी होती, मुली जायच्या आणि फिरून आमच्यासमोरून निघायच्या. रमानं पिशवीत ताकाची बाटली, सातूचं पाणी, सगळं आणलं होतं, पण हातातली पिशवी तिनं शेवटपर्यंत खाली ठेवली नाही.

पहिल्या फेरीत अनू मागून पाचवी-सहावी. पण तिची चाल पाहिली तर एकसारखी. धावायला लागल्या त्या पोरी पुढच्या फेरीत कंबर धरून चालत होत्या. एक रस्त्याकडेला बसली ती उठलीच नाही. अनू तेवढ्याच पावलानं पुढं. मध्येच कमरेची बाटली काढायची, लहान घोट घ्यायचा, परत लावायची. ऊन चढलं. तिच्या शर्टाची पाठ काळी पडली.

शेवटच्या फेरीच्या आधी तिचा उजवा पाय आखडला असावा. ती थांबली. वाकली. रमानं माझा दंड घट्ट धरला. मी तीस वर्षं हिरवा झेंडा दाखवला, पण त्या क्षणी मला काही म्हणजे काही करता येत नव्हतं. अनूनं पोटरी दाबली, दोनदा पाय झटकला आणि निघाली. आमच्यासमोरून गेली तेव्हा तिनं आमच्याकडे पाहिलंही नाही. पाहायला नको होतंच. तिचं लक्ष रस्त्यावर होतं.

माझ्याशेजारी धमतरीकडचे एक गृहस्थ उभे होते, मुलीसाठी आलेले. दूरवरून मुली येताना दिसल्या तसं त्यांनी विचारलं, “आपकी बिटिया कौन-सी है, भाई साहब?”

मी बोट दाखवलं.

“वो? वो जो मोटी-सी है?”

“हव,” मी म्हणालो. “वो मोटी-सी. मेरी बेटी है.”

ते ओशाळले. मी ओशाळलो नाही. मी परत सांगितलं, मोठ्यानं, की ती एकशे चोवीस किलोची होती आणि चौदा महिन्यांपूर्वी दवाखान्याच्या भिंतीला धरून चालली होती. त्यांनी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं. मग ते गृहस्थ आणि मी दोघंही ओरडायला लागलो. आधी तिच्या नावानं, मग त्यांच्या मुलीच्या नावानं, मग जी येईल तिच्या नावानं.

वेळेच्या बरंच आधी अनू आली. खुर्चीवरच्या साहेबांनी नंबर पाहिला, कागदावर खूण केली आणि म्हणाले, “पास.” ती दोरीखालून वाकून आली, रमाच्या पिशवीतून ताक काढलं, दोन घोट घेतले आणि रस्त्यावरच बसली. मी तिच्या बुटाच्या नाड्या सोडल्या. मोजे रक्तानं चिकटले होते. ती म्हणाली, “धीरे, बाबा.”

मी हळू काढले.

१६ एप्रिल

निवड यादीत नाव आलं. अठरावा क्रमांक. ट्रेनिंगला दोन महिन्यांनी जायचं. रमानं काल रात्री दीड वर्षात पहिल्यांदा वरणाला झणझणीत फोडणी दिली. अनूनं तिची छोटी वाटी भरून घेतली आणि सावकाश, चघळून खाल्ली.

आज तिच्यासोबत गोल बाजारात शिंप्याकडे गेलो, खाकी वर्दीचं माप द्यायला. म्हातारे मास्टरजी आहेत, पोलीस आणि जंगलखात्याच्या वर्द्या शिवून शिवून पाठ वाकली. त्यांनी टेप लावला, कंबर घेतली, दंड घेतला, आणि अनूकडे पाहून जरा घुटमळले. म्हणाले, “बेटी, ट्रेनिंग में और घटोगी. थोड़ा कम करके सिल दूँ?”

“नहीं, मास्टरजी,” अनू म्हणाली. “जितनी हूँ, उतने का सिलिए.”

त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. टेप गुंडाळायला लागले, तेव्हा मी पुढं झालो.

“मास्टरजी, कंधे एक बार फिर नाप लीजिए,” मी म्हणालो. “वहाँ सितारे लगेंगे.”